आमच्या फिरत्या दवाखान्याची चाके

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा फार तर एखादे प्रवासवर्णन त्यांच्या मनात असावे. मी टायरवर लिहिणार आहे असे म्हणताच दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. "डॉक्टर, टायरवर की टायफॉइडवर?" असा प्रश्न आला. टायरवरच, असे मी निक्षून सांगितले. आपल्या मंडळाच्या फिरत्या दवाखान्याच्या चाकांनी मला जे शिकवले, ते कोणत्याही वैद्यकीय परिषदेत माझ्या कानी पडले नव्हते; आणि त्या शिक्षणाचे शुल्क एका रुग्णाला जवळजवळ प्राणाने भरावे लागणार होते.

तसे पाहिले तर टायर आणि वैद्यक यांचे नाते जुनेच आहे. हवा भरलेला टायर ज्यांनी व्यवहारात आणला, ते जॉन बॉइड डनलॉप व्यवसायाने पशुवैद्य होते. बेलफास्ट शहरात राहत असताना १८८७ मध्ये त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबराच्या नळीत हवा भरून चाके बसविली आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हीच कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थांनी १८४५ मध्येच नोंदविली होती, हे पुढे उघडकीस आले व डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. पण जगाला टायर दिला तो पशुवैद्यानेच, असे आपण व्यवसायबंधूंनी अभिमानाने म्हणावयास हरकत नाही.

गाडी आली

२०१४ साली मंडळाने देणग्या गोळा करून एक व्हॅन घेतली. एकूण साडेतीन टन वजनाला मान्यता असलेली, गरज पडल्यास चारही चाकांना जोर देता येणारी अशी ती गाडी होती. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दर आठवड्याला दवाखाना न्यावयाचा, असा संकल्प होता. बेळगावकरांना तो मुलूख नव्याने सांगावयास नको. मलप्रभेचा उगम जेथे होतो, ते हे कणकुंबी. जून लागला की तेथे पाऊस कोसळतो तो थेट सप्टेंबरपर्यंत. डांबरी रस्ता सोडला की तांबडा चिखल, आणि चिखलाच्या खाली जांभ्याचा कठीण थर.

गाडीत आम्ही तपासणीचा पलंग बसविला, औषधांचे पोलादी कपाट बसविले, लसींसाठी शीतपेटी, प्राणवायूचे दोन सिलिंडर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि दीडशे लिटरची पाण्याची टाकी ठेवली. नारळ फोडण्यापूर्वी कार्यकारिणीतील एका सदस्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी एवढी धिप्पाड आणि चाके मात्र किडकिडीत!" गोष्ट सर्वांनाच पटली. एका हितचिंतकांनी तत्काळ पाच रुंद टायरांची देणगी जाहीर केली. गाडीसोबत आलेले टायर २१५/७५ आर १५ या मापाचे, व्यापारी वाहनांच्या जातीचे होते. त्यांच्या जागी २३५/७५ आर १५ या मापाचे, प्रवासी मोटारींच्या जातीचे टायर चढले. त्यांतलेही चारच आले. पाचवा पुढच्या महिन्यात येणार होता आणि तो कधीच आला नाही. स्टेपनी म्हणून जुनाच टायर राहिला. वाहन समितीचा निमंत्रक या नात्याने त्या बदलावर सही माझी होती. उद्घाटनाच्या छायाचित्रात गाडी मोठी रुबाबदार दिसते.

ती संध्याकाळ

२०१५ सालचा जुलै महिना होता. रोपलावणीचे दिवस. दवाखाना आटोपून आम्ही सामान आवरत असतानाच बांधावर नाग चावलेल्या एका पस्तिशीच्या शेतकऱ्याला चौघांनी उचलून आणले. त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. सर्पविषावरील लसीच्या दहा कुप्या आमच्याजवळ होत्या, त्या चालू केल्या. निओस्टिग्मिन व अॅट्रोपिन दिले. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे येथील वाचकांना सांगणे नलगे. त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात लवकर पोहोचविणे, एवढेच आमच्या हाती होते.

वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर चिखल होता. आमच्या गाडीचे चालक वयाने माझ्याहून वडील, सगळे त्यांना मामाच म्हणत. मामांनी खाली उतरून चारही टायरांतली हवा १८ पौंडांपर्यंत उतरविली. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचा ठसा लांबतो आणि चाक रुतत नाही. कृती अगदी योग्य होती. गाडी घसरत-सावरत, पण न अडकता बाहेर आली.

डांबराला लागताच मामांनी गाडी कडेला घेतली. "हवा भरून घेऊ या वो डॉक्टर. दहा मिनिटं लागतील."

गाडीत हवा भरण्याचा छोटा पंप होता. मी रुग्णाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "मामा, दहा मिनिटं आता कुठून आणायची? चला तुम्ही."

मामा क्षणभर थांबले, मग काही न बोलता गाडी चालू केली. तो निर्णय माझा होता. हे वाक्य मी या लेखात मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे. कारण त्यानंतर अनेकांनी टायरला दोष दिला, रस्त्याला दिला, पावसाला दिला.

साधारण वीस-बावीस किलोमीटर गेल्यावर मागचा डावा टायर फुटला. गाडी आडवी होऊन चरापाशी थांबली. पावसात जॅक लावला, तो मऊ मातीत खचला. जवळच पडलेला जांभ्याचा एक चिरा ओढून आणला, जॅकखाली घातला, तेव्हा कोठे गाडी उचलली गेली. जुनी स्टेपनी चढविली. ती इतर चाकांपेक्षा लहान, म्हणून पुढचा रस्ता हळूहळूच काटावा लागला. केवळ चाक बदलण्यात पन्नास मिनिटे गेली. त्या पन्नास मिनिटांत रुग्णाचा श्वास मंदावत गेला. आमच्या सिस्टर आणि मी आळीपाळीने फुगा दाबीत बसलो होतो. दहा मिनिटे वाचविण्यासाठी मी पन्नास मिनिटे घालविली होती.

रुग्ण वाचला. दोन दिवस यंत्रावर राहून तो सहाव्या दिवशी चालत घरी गेला. दिवाळीनंतर नव्या तांदळाचे गाठोडे घेऊन तो मला भेटावयास आला. त्या तांदळाचा भात माझ्या घशाखाली सहज उतरला नाही.

आधी काटा

दुसऱ्या दिवशी फाटका टायर घेऊन मी शहरातील एका जुन्या टायर व्यापाऱ्यांकडे गेलो. रस्त्याचा दगड लागला असावा, असे माझे निदान होते. त्यांनी टायर हातात घेऊन आतून बोटे फिरविली. आतला थर भाजल्यासारखा काळवंडला होता आणि बाजूची भिंत सबंध वर्तुळात चिरली होती. "दगड नाही हा. टायर शिजलाय. गाडीचं वजन किती केलंय वो डॉक्टर?"

वजन? गाडीच्या कागदांत लिहिले होते तेवढे, असे मी म्हणालो. ते हसले. "ते रिकाम्या गाडीचं. तुमचं कपाट, टाकी, बॅटऱ्या, माणसं कोण मोजणार?"

मी ओशाळलो. तान्ह्या मुलाचे वजन केल्यावाचून औषधाची मात्रा लिहू नये, असे आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावणारा मी, साडेतीन टनांच्या रुग्णाला डोळ्यांच्या अंदाजाने टायर लिहून दिले होते!

त्याच आठवड्यात गाडी नेहमीसारखी पूर्ण भरून, टाकीत पाणी व आत माणसे घेऊन आम्ही वजनकाट्यावर नेली. आधी सबंध गाडी, मग केवळ पुढची चाके, मग केवळ मागची, आणि शेवटी मागचे एकेक चाक काट्यावर ठेवून ढोबळ मोजमाप घेतले. एकूण वजन ३,५४० किलो भरले, म्हणजे मान्य मर्यादेहून ४० किलो अधिक. पुढच्या आसावर १,४५० आणि मागच्या आसावर २,०९० किलो. त्यातही पाण्याची टाकी व बॅटऱ्या डावीकडे असल्याने मागच्या उजव्या चाकावर ९८० आणि डाव्या चाकावर १,११० किलो! फुटला होता तो हाच डावा.

बाजूवरचे आकडे

टायरच्या बाजूवर जे लिहिलेले असते, ते आपल्यापैकी कितीजण वाचतात? २३५/७५ आर १५ यात २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ७५. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. आणि १५ हा डिस्कचा इंचांतील व्यास. यापुढे एक छोटा अंक व एक अक्षर असते. अक्षर कमाल वेग सांगते. आणि तो अंक, जो मी कधी पाहिलाच नव्हता, तो भारांक होय. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १,०६० आणि ११५ म्हणजे १,२१५ किलो.

आमच्या मूळच्या 'किडकिडीत' टायरांचा भारांक १०६ होता. हौसेने चढविलेल्या रुंद टायरांचा १०५. रुंदी वाढली, पण वहनशक्ती घटली! शिवाय प्रवासी मोटारीच्या जातीचा टायर व्हॅनला किंवा मालवाहू गाडीला लावावयाचा झाल्यास त्याची क्षमता १.१ ने भागून घ्यावी, असा अमेरिकेतील नियम आहे. त्या हिशेबाने ९२५ चे ८४० च उरतात. त्या चाकावर आम्ही १,११० किलो लादले होते, आणि तेही १८ पौंड हवेवर डांबरी रस्त्याने पळविले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भार रबर पेलीत नाही. भार पेलते ती आतली हवा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने उष्णता निर्माण होते, आणि वेगाबरोबर ती उष्णता बाहेर पडण्यापेक्षा अधिक झपाट्याने साचते. अखेर आतले थर एकमेकांपासून सुटतात. चिखलात ताशी दहा किलोमीटर वेगाने जाताना १८ पौंड हे औषध आहे. डांबरावर साठच्या वेगाने तेच विष होते. मात्रा तीच, परिस्थिती वेगळी. हे तत्त्व आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असावे?

रुंद की उंच?

नवे टायर घेताना पुन्हा तोच प्रश्न आला. रुंद टायर चांगला की अरुंद? याचे उत्तर गाडीत नसून जमिनीत आहे. खोल वाळू असेल तर रुंद टायर वर तरंगतो, आणि ते हिताचे असते. कारण वाळूला तळच नसतो. आमच्या मुलखात मात्र वर वीतभर निसरडा चिखल आणि खाली जांभा. येथे तरंगणे म्हणजे घसरणे. उलट अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला जाऊन भिडतो. मुसळधार पावसात डांबरावर साचलेले पाणीही तो रुंद टायरापेक्षा लवकर बाजूला सारतो. त्या चार किलोमीटरांत आमची गाडी वारंवार का घसरत होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

अखेर आम्ही २२५/७५ आर १६ या मापाचे, हलक्या मालवाहू जातीचे, ११५ भारांकाचे टायर निवडले. आमच्याच गाडीच्या अधिक जड प्रकाराला उत्पादकाने हेच माप दिले होते, हे महत्त्वाचे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलात मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत. आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारते.

मापांचा हिशेब मात्र स्वतः करून पाहावा. शालेय गणित पुरते. मूळ टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, नव्याचा ७४४. व्यासात ४० ची वाढ म्हणजे गाडीचा आस जमिनीपासून २० मिलिमीटर वर उचलला गेला. आसाखालची जागा वाढविण्याचा खरा मार्ग मोठा टायर हाच होय. स्प्रिंगा उंच केल्याने गाडीचे अंग वर जाते, पण आस तेथेच राहतो. पण हा लाभ फुकट मिळत नाही. व्यास सुमारे पावणेसहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच 'लांब' झाला आणि चढावर इंजिनाला दम लागू लागला. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारा चोर्ल्याकडचा चढ आता दुसऱ्यात चढावा लागतो. वेगदर्शक काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या पुढे असते. याहून मोठा टायर घेण्याचा मोह तेथेच आवरला. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक दगडावर चढवून, टायर कोठे घासत नाही, ब्रेकच्या नळीला लागत नाही, हेही पाहून घेतले.

डिस्क आणि खुब्याचा सांधा

टायर बदलला की डिस्कही बदलते. नटांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळावा, मधले भोक हबवर नेमके बसावे, आणि डिस्कची स्वतःची भारक्षमता टायरहून कमी नसावी. पण सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ऑफसेट, अर्थात डिस्कचा बसण्याचा पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे ते अंतर. चाके बाहेर आली की गाडी ऐटबाज दिसते, म्हणून पुष्कळजण चुकीच्या ऑफसेटची डिस्क लावतात. आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना हे चटकन कळेल. खुब्याचा कृत्रिम सांधा बसविताना भाराची रेषा सरकली की तरफेची भुजा वाढते आणि ताण नको तेथे पडतो. चाकाच्या बेअरिंगचेही नेमके तसेच होते. डिस्क आम्ही साध्या पोलादाच्याच घेतल्या. दगडावर आपटून वाकली तर पोलादाची डिस्क जंगलातही हातोड्याने कामापुरती सरळ करता येते. मिश्रधातूची तडकली की तेथेच बसावे लागते.

टायर पाच घेतले, चार नव्हे. वेगळ्या मापाची स्टेपनी चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला अपायकारक असते. व्यासात फरक पडला की कठीण जमिनीवर गिअरांची दाते एकमेकांशी झगडतात. खरेदी करताना बाजूवरचा चार अंकी शिक्काही वाचला. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. औषधाच्या कुपीवरील तारीख पाहणाऱ्यांनी टायरची का पाहू नये? वापर नसला तरी रबर म्हातारे होतच असते.

वजन उतरविले, हवा भरली

केवळ बळकट टायर लावून आम्ही थांबलो नाही, कारण लठ्ठ रुग्णाला मोठा अंगरखा शिवणे हा उपचार नव्हे. दीडशे लिटरच्या टाकीऐवजी ऐंशी लिटरची टाकी आणली, तेवढ्यानेच ७० किलो उतरले. पोलादी कपाटाच्या जागी प्लायवूडचे केले, आणखी ५० किलो गेले. बॅटऱ्या पुढे व उजवीकडे सरकविल्या. पुन्हा काटा केला. एकूण ३,४२०, मागे डावीकडे ९८५ आणि उजवीकडे ९६५.

मग हवा ठरविली. ११५ भारांकाचा हा टायर १,२१५ किलो पेलतो तो ८० पौंड हवेवर. ५० पौंडांवर तो सुमारे ८८० किलोच पेलतो. म्हणून डांबरावर मागे ७० आणि पुढे ५० पौंड, तीही सकाळी टायर थंड असताना मोजलेली. चिखलात मागे ३५, पुढे २५, आणि वेग ताशी वीसच्या आत. पायाने मारावयाच्या पंपाला व त्या छोट्या पंपाला निरोप देऊन एक दमदार कॉम्प्रेसर बसविला. आता चारही चाके पूर्ववत व्हावयास पंधरा मिनिटे लागतात. ही पंधरा मिनिटे रुग्ण कितीही गंभीर असला तरी द्यावयाचीच, असा ठराव कार्यकारिणीने केला. तो मांडण्याची परवानगी मी मागून घेतली होती.

मामा आता निवृत्त झाले आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी चालकाच्या आसनासमोर एक पत्र्याची पाटी लावली. वर हवेचे चार आकडे आहेत आणि खाली त्यांच्या हाताने रंगविलेली ओळ आहे: 'डांबराला लागायच्या आधी हवा. डॉक्टर नको म्हटले तरी.' नव्या चालकाने ती पुसून छापील पाटी लावण्याची परवानगी मागितली होती. मी नकार दिला.

आपल्यापैकी अनेकांच्या संस्था अशा गाड्या चालवितात, किंवा चालवू पाहत आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. देणगीदाराचा फलक कोठे लावावा, यावर बैठक घेण्यापूर्वी गाडी भरून एकदा वजनकाट्यावर न्या. शंभर-दोनशे रुपयांची ती पावती फाइलला लावा आणि मगच टायरच्या दुकानात पाऊल टाका. आमच्या फाइलमध्ये ती पावती पहिल्या पानावर आहे. तिच्या मागे उद्घाटनाचे ते रुबाबदार छायाचित्र आहे.